डिकीतली फळी

माझ्या भाचीला नांदेडला नोकरी लागली आणि तिनं जुनी, पण बऱ्यापैकी राखलेली एक हॅचबॅक घेतली. गाडी दारात येऊन उभी राहते न राहते तोच मोबाइलवर फोटो आला. लाल रंगाची चेनची पिशवी, तिच्यात जंपर केबल, बर्फ खरवडायचं प्लॅस्टिकचं खुरपं, शिट्टी, पावसाचा पातळ कोट आणि आधार कार्डाएवढी प्रथमोपचाराची डबी. खाली प्रश्न : "मावशी, हे किट मागवू का?"

बर्फाचं खुरपं बघून मला हसू आवरेना. परभणी-नांदेडचा मे महिना ज्यानं पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको. पण पोरीचा प्रश्न खरा होता. दर शनिवारी ती लोहा-अहमदपूरमार्गे अंबाजोगाईला येणार, सोमवारी पहाटे परत. एकटी. तेव्हा फोनवर जे तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं, ते इथं सलग लिहून टाकते.

माझं काम पतसंस्था आणि सेवा सोसायट्यांच्या ऑडिटचं. केज, धारूर, माजलगाव, रेणापूर, परळी, जिथं दप्तर तिथं आम्ही. गाडी माझी मीच चालवते. दुसऱ्याच्या तिजोरीतली शिल्लक मोजायची सवय लागली की डिकीतली शिल्लकही मोजावीशी वाटते. "पुस्तकी शिल्लक आहे, प्रत्यक्षात आढळून आली नाही" हा शेरा आमच्या धंद्यात रोजचा. तो माझ्या मते सगळ्यात जास्त लागू पडतो लोकांच्या स्टेपनीला. पण तिच्याकडे नंतर येते. आधी फळी.

ज्या वस्तूबद्दल कुठल्याच किटवाल्यानं विचार केलेला नाही आणि जिच्यावाचून मराठवाड्यात पावसाळ्यात चाक बदलता येत नाही, ती ही. साधारण एक फूट लांब, तेवढीच रुंद, दीड इंच जाड. बाभळीची असली तर उत्तम, कारण ती चिरत नाही. मी सुताराकडून करून घेतली. एका कोपऱ्यात भोक पाडून त्यात नायलॉनची दोरी ओवलेली आहे.

कारण आपली माती. काळ्या रानातली चिकण पाणी पिऊन फुगते आणि ऊन लागलं की आक्रसते. म्हणून तर एप्रिलमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या दोन पावसांत त्याच रानात पाय घोट्यापर्यंत रुततो. डांबराच्या कडेला मुरमाची पट्टी असते, पण ती किती रुंद आहे हे गवतामुळे कळत नाही. टायर बसला म्हणून माणूस घाबरून गाडी जमेल तेवढी डावीकडे घेतो, आणि डावी चाकं मुरूम सोडून मातीत जातात. गाडीसोबत कंपनी देते तो कात्रीचा जॅक. त्याचा तळ जेमतेम तळहाताएवढा. गाडीचं त्या कोपऱ्यातलं सगळं वजन त्या तळहातावर येतं आणि हँडल फिरवाल तसा जॅक जमिनीत उतरत जातो. गाडी इंचभरही उचलली जात नाही.

मागच्या पावसाळ्यात परळी-अंबाजोगाई रस्त्यावर मी हे समोर उभं राहून पाहिलं. एक कुटुंब होतं. नवरा गुडघ्यापर्यंत चिखलात, बायको छत्री धरून उभी, दोन लेकरं मागच्या काचेला नाक लावून बघत होती. जॅक अर्ध्याच्या वर जमिनीत गेलेला. त्या भाऊंनी गाडीतली पायपुसणी घडी करून खाली घातली होती, तीही आत गेली होती. बांधावरनं एक आजोबा मला हात करून ओरडले, "गाडी खाली नका घेऊ ताई, माती वली हाय, बसंल!" मी डांबरावरच सुरक्षित जागा बघून पुढं थांबले, फळी नेऊन दिली. जॅक खणून काढावा लागला. फळी ठेवली, वर जॅक, आणि दहा-बारा फेऱ्यांत चाक सुटलं. फळीसुद्धा बोटभर खाली गेली होतीच, दोरी धरून ओढली तेव्हा 'पच्' करून निघाली. ते भाऊ फळी उलटसुलट करून बघत म्हणाले, "ताई, कोणत्या कंपनीची आहे ही?" म्हटलं, सुताराची.

फळीला पॉलिश किंवा रंग देऊ नका, ओली झाली की जॅक तिच्यावरून घसरतो. आणि मातीत गाडीच रुतली असेल तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका. चाक जागच्या जागी फिरून स्वतःची कबर खोदतं. उतरा, चाकापुढचा चिखल हातानं काढा, रस्त्याकडेची खडी-मुरूम टाका, हंगाम असेल तर शेजारच्या बांधावरच्या पळाट्या-तुराट्या टाका, शेतकऱ्याला विचारून. दुसऱ्या गिअरमध्ये हळूच क्लच सोडा.

आता स्टेपनी. आधी ती तुमच्या गाडीत आहे का ते बघा, मी गंमत करत नाही. २०२० पासून नियमात अशी सूट आहे की टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट दिलं असेल तर छोट्या गाडीला कंपनी स्टेपनी दिलीच पाहिजे असं नाही. काही गाड्यांत स्टेपनी बारकी असते. तिच्यावर ८० ची वेगमर्यादा लिहिलेली असते आणि ती पुढच्या पंक्चरवाल्यापर्यंत जायला असते, तुळजापूरला जाऊन यायला नसते. सीएनजीच्या काही गाड्यांत टाकीच्या मागं स्टेपनी अशी अडकवलेली असते की ती काढायलाच अर्धा तास. हे सगळं अंगणात कळलेलं बरं.

स्टेपनीतली हवा न वापरताही कमी होते. मी महिन्यातून एकदा चारही चाकांबरोबर पाचव्यात हवा बघायला लावते. पंपावरचा पोरगा कंटाळा करतो, कारण डिकीतलं सामान काढावं लागतं. काढायला लावायचं. तिच्यात नेहमीपेक्षा तीन-चार पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जास्तच भरून ठेवायची. बारक्या स्टेपनीचा आकडा वेगळा आणि पुष्कळ जास्त असतो, तो तिच्यावरच लिहिलेला असतो.

दुसरी अडचण नटांची. टायरच्या दुकानात हवेच्या मशीननं 'टर्रर' करून नट आवळतात. ते इतके आवळतात की गाडीतल्या एल आकाराच्या पान्ह्यानं माझ्यासारखीला काय, पैलवानालाही सुटत नाहीत. आमचे मेकॅनिक मामू यावर एकच बोलतात : "मॅडम, पाइप रखो." जीआयचा (नळाचा लोखंडी) दोन फुटी पाइप, पान्ह्याच्या दांड्यावर चढेल एवढ्या तोंडाचा. दांडा लांब झाला की निम्म्या जोरात नट सुटतो. भंगारवाल्याकडे असा तुकडा मिळतो. पाइप फक्त सोडायला वापरायचा, आवळायला नाही; त्यानं आवळलं तर नटाच्या आट्या जातात.

भाचीला मी तिच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक चाक काढून परत बसवायला लावलं, व्हिडिओ कॉलवर. हँडब्रेक, गाडी पहिल्या गिअरमध्ये, तिरक्या समोरच्या चाकाला पुढून-मागून दगड. चाक जमिनीवर असतानाच सगळे नट अर्धा फेरा ढिले करायचे, उचलल्यावर नाही, कारण उचललेलं चाक फिरतं आणि गाडी जॅकवरून सरकते. जॅक कुठंही लावायचा नाही, दाराखालच्या पट्टीला जिथं खाच आहे तिथंच. काढलेलं चाक गाडीखाली सरकवून ठेवायचं, जॅक निसटलाच तर गाडी त्याच्यावर बसेल, कुणाच्या हातावर नाही. परत आवळताना एकापाठोपाठ एक नाही, समोरासमोरचे. पहिल्या वेळी तिला पाऊण तास लागला. चालतंय. रात्री मोबाइलच्या उजेडात पहिल्यांदा मॅन्युअल वाचण्यापेक्षा ते परवडलं.

पंक्चरची पट्टी मारायचं किट आणि गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा हवेचा पंप, या दोन गोष्टी खरंच घ्याव्यात. उसाच्या हंगामात आमच्या रस्त्यांवर पंक्चरचं मोठं कारण म्हणजे बैलांच्या खुरांना ठोकलेल्या पत्र्यांचे खिळे. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा दिसला तर तो उपटू नका. तोच बूच आहे. पंपानं हवा भरा आणि सावकाश पुढचं गाव गाठा. पट्टी टायरच्या जमिनीला लागणाऱ्या भागातच चालते. बाजूची भिंत फाटली असेल तर पट्टी मारून फसवणूक स्वतःचीच.

उन्हाचं प्रकरण मोठं आहे, कारण त्यात अफवा फार. "उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाहीतर टायर फुटतो." हे मी पेट्रोल पंपावर, लग्नात, एका सोसायटीच्या चेअरमनच्या तोंडून, सगळीकडे ऐकलंय. नेमकं उलटं आहे. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, परत सरळ होते, परत दबते. या मोडण्या-वाकण्यानं आतून उष्णता तयार होते. बाहेर ४३ अंश, खाली तापलेला रस्ता आणि वेग शंभरच्या वर, मग थर सुटतात आणि टायर जातो. समृद्धी महामार्गावर तर तासन् तास एकाच वेगानं गाडी पळते. टायरला श्वास घ्यायला खड्डासुद्धा नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, त्यावरचा आकडा पाळायचा. माणसं जास्त असतील तर दुसरा आकडा, तोही तिथंच. मोजायची सकाळी, गाडी थंड असताना. चालवून तापलेल्या टायरात चार-पाच पीएसआय जास्त दिसणारच. तेव्हा हवा सोडली की थंड झाल्यावर ती कमी भरते.

आणि टायरचं वय बघा. भिंतीवर एका लंबगोलात चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१९. म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. भाचीच्या गाडीचे टायर नक्षीनं नवे दिसत होते, कारण आधीचे मालक गाडी फारशी काढतच नसत. आकडे वाचले तर सात वर्षांकडे झुकलेले, भिंतीला बारीक चिरा. बदलायला लावले. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर संपला हे सगळ्यांना माहीत असतं, पण उन्हात उभा राहून रबर म्हातारं होतं ते कुणी बघत नाही.

इंजिन तापलं तर. काटा वर चढायला लागला की एसी बंद, आणि जमत असेल तर हीटर पूर्ण सोडा, काचा खाली करा. वेड्यासारखं वाटतं, पण हीटर इंजिनाचीच उष्णता आत ओढतो. तेवढ्यानं एखादा किलोमीटर पुढं जाऊन सावली गाठता येते. वाफ निघाली तर मात्र तिथंच थांबायचं. बोनेटला हात लावायचा नाही, आणि गरम रेडिएटरचं झाकण तर कधीच नाही. आत दाबाखाली कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) शंभर अंशांच्या वर असूनही उकळलेलं नसतं. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि सगळं एकदम तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास लिंबाखाली बसा. मी डिकीत दोन लिटर डिस्टिल्ड वॉटर ठेवते, बॅटरीच्या दुकानात मिळतं. बोअरचं पाणी अगदीच नाइलाज असेल तर. हंड्याला जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. पिण्याचं पाणी वेगळं, पाच लिटरचा कॅन, आणि ओआरएसच्या पुड्या. लेकरं आणि म्हातारी माणसं बरोबर असली की इंजिनाच्या आधी ती तापतात.

बॅटरी. लोकांना वाटतं ती थंडीत मरते. आपल्याकडे तिला ऊन मारतं, थंडीत फक्त कळतं. चावी फिरवल्यावर नुसतं 'खट खट' आलं की समजायचं. तीन-चार वर्षं झाली असतील तर साध्या मल्टिमीटरनं बघता येतं : रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, त्याच्या खाली म्हणजे दुकान गाठा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसलं तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठीक. जंपर केबल घेताना तार बघा. स्वस्त केबलला वरून जाड प्लॅस्टिक आणि आत सुतळीएवढं तांबं. लाल आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगलीच्या प्लसला. काळी चांगलीच्या मायनसला, आणि तिचं दुसरं टोक मेलेल्या बॅटरीवर नाही, त्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. शेवटच्या जोडणीत ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून ती जागा बॅटरीपासून लांब.

ऊस सुरू झाला की माझी खरी भीती सुरू होते. दिवाळीच्या मागे-पुढे कारखान्यांची धुराडी पेटतात आणि मार्चपर्यंत संध्याकाळनंतर रस्ता ट्रॅक्टरचा. दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर, मागं दिवा नाही. हंगामाच्या तोंडावर कारखान्यांच्या गेटवर रेडियमच्या पट्ट्या लावतात, फोटो येतात, पण ट्रॉलीच्या मागच्या बाजूवर लोंबणारी वाढी, म्हणजे उसाचे शेंडे, त्या पट्ट्या झाकून टाकतात. ट्रॉलीचा टायर फुटला की ती जागच्या जागी उभी. मागं चार मोठे दगड आणि बाभळीची फांदी. ट्रॉली दुरुस्त होऊन जाते, दगड तिथंच. या दगडांवर माझा राग आहे. ज्यांनी रात्री जीव वाचवायला ठेवले, त्यांना सकाळी ते बाजूला ढकलायला एक मिनिट लागत नाही.

तेव्हा आपण बंद पडलो तर दगड नाही, इशाऱ्याचा चमकणारा लाल त्रिकोण. नव्या गाडीबरोबर तो येतोच, जुनी गाडी घेतली की तो हमखास गायब असतो. तो गाडीच्या मागं दहा पावलांवर ठेवणारी माणसं मी पाहते आणि मनातल्या मनात हिशोब करते. ८० च्या वेगानं येणारी गाडी सेकंदाला बावीस मीटर येते. समृद्धीवर १२० नं आली तर तेहतीस. दहा पावलं म्हणजे सात मीटर, म्हणजे काहीच नाही. शंभर मीटर हवेत, म्हणजे सुमारे दीडशे पावलं, आणि वळण किंवा चढ असेल तर त्याच्याही अलीकडे. धारूरच्या घाटात वळणाच्या पलीकडे ठेवलेला त्रिकोण कुणालाही दिसत नाही. चालत जाताना तो छातीशी समोर धरायचा, येणाऱ्याला आपणही दिसतो. हायवा डंपरच्या वाऱ्यानं त्रिकोण आडवा होतो, म्हणून मी त्याच्या पायाला बांधायला वाळूची छोटी पिशवी शिवली आहे. अंगात चमकणारं जाकीट. ते डिकीत नको, सीटच्या मागच्या खिशात, म्हणजे उतरायच्या आधी घालता येतं.

उजेडासाठी मोबाइल नको. रात्रीच्या लाइटीवर पाणी धरणारे शेतकरी डोक्याला जी बॅटरी बांधतात ना, ती घ्या. दोन्ही हात मोकळे राहतात. तालुक्याच्या कुठल्याही मोटार रिवायंडिंगच्या दुकानात मिळते आणि ऑनलाइनवाल्या नाजूक टॉर्चपेक्षा दणकट असते.

सगळ्या माणसांनी गाडीतून उतरून रस्त्यापासून लांब, बांधावर किंवा लोखंडी कठड्याच्या पलीकडे उभं राहायचं. थंडी आहे म्हणून आत बसू, असं नाही. एकट्या बाईनं अनोळखी जागी रात्री मात्र वेगळा विचार करावा. सोलापूर-धुळे महामार्गाच्या काही टप्प्यांवर रात्री गाड्या अडवल्याच्या बातम्या आपण वाचतो. मी भाचीला सांगितलंय, टायर बसला आणि आजूबाजूला अंधार असेल तर थांबू नकोस. इंडिकेटर लाव, वीसच्या वेगानं डावीकडून पुढच्या ढाब्यापर्यंत किंवा पंपापर्यंत जा. टायर फाटेल, रिम वाकेल. जाऊ दे. रिम मिळतो.

फोन. ११२ सगळ्यासाठी, १०८ रुग्णवाहिका, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. शेवटचा राज्य मार्गावर कामाचा नाही, म्हणून आपण कुठल्या रस्त्यावर आहोत ते कळायला हवं. किलोमीटरच्या दगडाचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य मार्ग. तो दगड वाचून आकडा सांगा, आणि जोडीला जवळचा फाटा. 'बर्दापूर फाट्याच्या पुढं, रेणापूरकडे जाताना डाव्या हाताला' हे ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला नकाशातल्या ठिपक्यापेक्षा लवकर कळतं. अपघात दुसऱ्याचा असेल तर पोलिसांच्या भानगडीची भीती बाळगू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आहे. मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव सांगायची सक्ती करता येत नाही.

विम्यासोबत 'रोडसाइड असिस्टन्स' घेतला असेल तर त्याची अटींची पानं वाचा. मी वाचते, मला सवय आहे. टोइंग किती किलोमीटरपर्यंत फुकट, वर्षातून किती वेळा, हे बारीक अक्षरात असतं. शहरात ती गाडी अर्ध्या तासात येते. आडसच्या पुढं तुम्ही बंद पडलात तर ती बीडहून किंवा लातूरहून निघणार. म्हणून वाटेवरच्या प्रत्येक मोठ्या गावातल्या एका मेकॅनिकचा नंबर माझ्या फोनमध्ये गावाच्या नावानं आहे : 'केज गाडी', 'तेलगाव गाडी', 'किनगाव गाडी'. ओढायला दोरी असेल तर ट्रॅक्टर कधीही मिळतो. फक्त ओढायचा हूक गाडीच्या टूलकिटमध्ये आहे का बघा, बंपरमधलं झाकण काढून तो आट्यांनी बसवायचा असतो. ऑटोमॅटिक गाडी असेल तर मॅन्युअल वाचल्याशिवाय चारही चाकांवर ओढू देऊ नका, गिअरबॉक्स जातो.

पुराबद्दल फार लिहीत नाही, २०२५ च्या सप्टेंबरात आपण सगळ्यांनी पाहिलंय. पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबायचं. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी उचलतं. पाण्यात इंजिन बंद पडलं तर परत चावी मारू नका, सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. काच फोडायची हातोडी ड्रायव्हरच्या हाताला लागेल अशी ठेवा आणि दाराच्या काचेच्या कोपऱ्यावर मारा. समोरची काच दोन थरांची असते, ती फुटून मोकळी होत नाही.

आता भाचीच्या डिकीतून मी काढायला लावलेल्या वस्तू : बाटलीतलं पेट्रोल (हे कुणी दिलं होतं देव जाणे), डिओची बाटली, लायटर, जुना पॉवर बँक. मे महिन्यात बंद गाडीत डॅशबोर्डवर हात टेकत नाही, तिथं हे सामान म्हणजे विकतची आग. एक किलोचं पावडरचं अग्निशामक मात्र ठेवलं, डिकीत नाही, पुढच्या सीटखाली. धूर बोनेटमधून येत असेल तर बोनेट पूर्ण उघडायचं नाही, फटीतून मारायचं. बीपी-शुगरच्या गोळ्याही गाडीत ठेवू नका, पर्समध्ये न्या. उन्हानं औषध बिघडतं.

हे सगळं तपासायचं कधी, तर मी तीन दिवस धरून ठेवलेत. खंडेनवमीला आपण गाडी धुतो, झेंडूचा हार घालतो. तेव्हा डिकी रिकामी असतेच, म्हणून स्टेपनी, जॅक, त्रिकोण, जाकीट त्याच दिवशी. त्यानंतर महिन्याभरात ऊस सुरू होतो. गुढीपाडव्याच्या आधी टायर, कूलंट आणि बॅटरी. आणि मृगाच्या आधी वायपर. त्याचं रबर उन्हाळाभर काचेला चिकटून कडक झालेलं असतं. ते मे महिन्यातच बदलून घ्यावं, कारण पहिला पाऊस पडला की दुकानात गर्दी होते आणि नेमका आपल्या गाडीचा साइज संपलेला असतो.